बाप रंगमंचावर येत नाही तेव्हा: असे नाटक कसे वाचावे आणि कसे बसवावे

आमच्या हौशी मंडळाच्या एका तालमीत नेपथ्य सांभाळणाऱ्या मुलाने भिंतीवरच्या तसबिरीला चंदनी हार घातला आणि नाटकातला एक जिवंत माणूस त्या क्षणी मेला. नाटक होते टेनेसी विल्यम्स यांच्या ‘द ग्लास मेनॅजरी’चे मराठी रूप. त्यातला बाप सोळा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला आहे. तो वारला असे घरात कोणीही म्हणत नाही. पण हार घातलेला फोटो दिसला की मराठी प्रेक्षकाला पुढचे काही सांगावे लागत नाही, तो लगेच आईकडे विधवा म्हणून पाहू लागतो. चूक त्या मुलाची नव्हती. बाप नेमका कसा गेला आहे, हे आम्ही कोणीच बसून ठरवलेले नव्हते.

ज्या नाटकात बाप एकदाही प्रवेश करत नाही आणि तरीही घरातला प्रत्येक जण त्याच्याभोवतीच फिरत राहतो, असे नाटक बसवायला घेणाऱ्यांसाठी त्या तालमीनंतर हळूहळू तयार झालेली कामाची पद्धत येथे मांडत आहे. उदाहरणे मुख्यतः दोन नाटकांची आहेत. एक वर सांगितलेले, ज्याचा पहिला प्रयोग २६ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत झाला आणि जे पुढच्या मार्चअखेर न्यूयॉर्कला गेले. दुसरे महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’, जे विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ साली रंगभूमीवर आले.

आधी बाप कसा गेला, ते एका वाक्यात लिहावे

पहिल्या वाचनाच्या दिवशी सर्व नटांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता, एकच वाक्य लिहावे: बाप कुठे आहे आणि तो परत येऊ शकतो का? ही चिठ्ठी पुढे फार उपयोगी पडते, कारण मेलेला बाप, निघून गेलेला बाप आणि पोटासाठी दूर राहणारा बाप हे तीन वेगळे बाप असतात आणि ते तीन वेगळी घरे मागे ठेवतात.

‘वाडा चिरेबंदी’त विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचे तात्याजी नुकतेच वारले आहेत. त्यामुळे नाटकाला आपोआप एक घड्याळ मिळते. दिवसकार्य व्हायचे आहे, त्याचा खर्च कोणी करायचा हे ठरायचे आहे, मुंबईला राहणारा मुलगा सुधीर बायकोसह आला आहे आणि तो परत जाणार आहे. मरणाने घराला काही ठरावीक कामे नेमून दिलेली असतात आणि त्या कामांच्या आडून वाटणीचा प्रश्न वर येतो. ‘ग्लास मेनॅजरी’त असे काहीच नाही. सेंट लुईस शहरातल्या एका कोंदट घरात अमांडा, तिचा मुलगा टॉम आणि मुलगी लॉरा राहतात. बापाचे शेवटचे खबरपत्र म्हणजे मेक्सिकोतल्या माझात्लान या किनाऱ्यावरच्या गावाहून आलेले एक चित्राचे पोस्टकार्ड, त्यावर भेटीचा एक आणि निरोपाचा एक असे दोन शब्द, आणि पत्ता नाही. निघून गेलेल्या माणसाचे सुतक पाळता येत नाही, तेरावे घालता येत नाही, त्याची वाट पाहणेही उघडपणे करता येत नाही. म्हणून या नाटकाच्या तालमीत ‘शोक’ हा शब्द मी वापरू देत नाही. नट शोक करू लागले की बाप मेला म्हणून समजावे.

तिसरा प्रकार आपल्याकडे फार ओळखीचा आहे, पण त्यावरच्या एकांकिका बहुधा रडक्या होतात. पूर्वी कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत, कुटुंब गावाला, भेट गणपतीत आणि शिमग्याला. गोव्यात हीच जागा बोटीवरच्या बापाने घेतलेली असते. या घरात बाप हा वर्षातून काही दिवसांचा पाहुणा असतो, त्याच्यासाठी वेगळे शिजते, मुले त्याच्यासमोर वेगळी वागतात आणि तो गेला की घर सैलावते. स्वतःची संहिता लिहिणाऱ्याने बाप जाण्याच्या दुःखापेक्षा हे सैलावणे आधी लिहून पाहावे.

सर्वनामांची वही

यानंतर एक वही करावी. प्रत्येक पात्राला एक पान द्यावे आणि त्या पात्राने बापाविषयी काढलेले प्रत्येक वाक्य, अर्धवट उल्लेखासकट, त्या पानावर उतरवावे. नाटक भाषांतरित असेल तर हे काम दुप्पट महत्त्वाचे ठरते, कारण मराठीला अशा ठिकाणी पळवाट नाही. इंग्रजीत मुलगा, बायको आणि पाहुणा तिघेही बापासाठी एकच सर्वनाम वापरून मोकळे होतात. मराठीत टॉम बापाला ‘तो’ म्हणतो की ‘ते’, हे ठरवल्याशिवाय पहिले पानही पुढे सरकत नाही. अमांडा मुलाशी भांडताना ‘तुझा बाप’ म्हणेल, लॉरासमोर ‘तुमचे वडील’ म्हणेल आणि पाहुण्यासमोर फोटोकडे बोट करून ‘आमचे हे’ म्हणेल. त्या तीन उच्चारांत तिच्या संसाराचा सगळा हिशेब येतो. लॉराच्या पानावर फारच कमी वाक्ये पडतात. तेच तिचे पान आहे, ते भरण्याचा प्रयत्न करू नये.

वही पूर्ण झाली की लक्षात येते की नाटकात बाप एक नाही. जितकी पात्रे, तितके बाप. अमांडाच्या मनातल्या बापात, म्हणजे तिच्या नवऱ्यात, मोहिनी आहे: ज्या वसंतात तिने जॉन्क्विलची पिवळी फुले वेड्यासारखी गोळा केली, त्याच वसंतात हिवतापाच्या अंगाने तिला तो भेटला, आणि तो हसला की जग फसे. टॉमच्या बापात वाट आहे. घरातून निघता येते, याचा तो एकमेव पुरावा आहे. वाड्यात म्हातारी दादी तात्याजींना अजून ‘व्यंकटेश’ अशी हाक मारते आणि किती वाजले म्हणून विचारत राहते. ती बाप शोधत नाही, तिचा मुलगा शोधते. मुलगी प्रभा हिच्यासाठी तात्याजी म्हणजे ज्यांनी तिला पुढे शिकू दिले नाही ते. थोरला मुलगा भास्कर याच्यासाठी ते म्हणजे एक आसन, ज्यावर आता त्याला बसायचे आहे आणि जे त्याला पेलत नाही.

दिग्दर्शकाचा मोह असा असतो की चर्चेला बसून या सगळ्यांचा मिळून एक खरा बाप ठरवावा, त्याचे वय, स्वभाव, व्यसने लिहून काढावीत आणि सर्वांनी त्यावर सही करावी. हे करू नये. घरातली माणसे एकाच माणसाविषयी बोलत असूनही त्यांचे जमत नाही, यातूनच भांडणे उभी राहतात. तालमीत त्यांचे एकमत घडवून आणले की संवादातला ताण जातो. प्रत्येक नटाने आपले पान आपल्याजवळ ठेवावे. मी तर अमांडाच्या नटीला टॉमचे पान वाचू दिले नव्हते.

वहीतली एक जागा मुद्दाम दाखवतो. पहिल्या प्रवेशात टॉम प्रेक्षकांना सांगतो की बाप टेलिफोन कंपनीत होता आणि लांब अंतरांच्या प्रेमात पडून पसार झाला. इंग्रजीत हा ट्रंक कॉलवरचा श्लेष आहे. सहाव्या प्रवेशात, लॉरासाठी स्थळ म्हणून टॉमने घरी जेवायला आणलेल्या जिमसमोर, अमांडा फोटोकडे हात करून जवळजवळ हाच विनोद करते. टॉम तो कडवटपणे सांगतो, अमांडा यजमानीणबाईच्या लाडिक सुरात. याचा अर्थ हा विनोद या घरात सोळा वर्षे फिरत आहे; लाजेवर घालायला त्यांनी तो मिळून शिवलेला कपडा आहे. भाषांतर करताना दोन्ही ठिकाणी शब्द तेच ठेवावेत, नाहीतर हा धागा तुटतो. आम्ही ‘दूरध्वनी खात्यातला माणूस, ध्वनी इथे ठेवून दूर तेवढे घेऊन गेला’ असे केले. फार ग्रेट नाही, पण दुसऱ्यांदा ऐकताना प्रेक्षक ओळखतो.

वस्तू मोजाव्यात आणि कोण हात लावते ते लिहावे

गेलेला माणूस मागे वस्तू ठेवतो, आणि वस्तूंना संवादांची गरज नसते. म्हणून मंचसाहित्याची यादी करताना बापाच्या वस्तूंना वेगळी खूण करावी व प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: ती कोण वापरतो, कोण टाळतो आणि ती कोणाला नकोशी असूनही टाकवत नाही.

‘ग्लास मेनॅजरी’त भांडणाच्या तिसऱ्या प्रवेशात अमांडाच्या अंगात एक जुनाट झगा आहे, तिच्या किरकोळ अंगाला फार मोठा, तो तिच्या पळून गेलेल्या नवऱ्याचा आहे, असे लेखकाने रंगसूचनेत लिहिले आहे. पात्रे त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. ज्या माणसाला ती बेइमान म्हणते, त्याचेच वस्त्र ती रोज अंगावर घेते, आणि तेच अंगावर घेऊन मुलाला त्याच्या वळणावर जाऊ नकोस म्हणून बजावते. हा झगा आमच्या वेशभूषेत आधी नटीच्या मापाचा, चांगला इस्त्री केलेला आला होता. तो परत पाठवून एका धिप्पाड माणसाचा जुना झगा आणला, बाह्या दोनदा दुमडल्या. त्या दुमडलेल्या बाह्या भांडताना सुटत, आणि बाई बोलता बोलता त्या परत वर सारत. तो प्रवेश तिथे सुधारला, माझ्या सूचनांनी नव्हे.

लॉरा जुन्या झिजलेल्या तबकड्या ग्रामोफोनवर लावते, त्याही बापाने मागे ठेवलेल्याच. आणि टेलिफोन. बाप ज्या कंपनीतून गेला, त्याच यंत्राला चिकटून अमांडा मासिकांच्या वर्गण्या गोळा करते. हे संहितेत कोणी बोलून दाखवत नाही आणि दाखवूही नये. फोन मात्र फोटोच्या नजरेच्या रेषेत ठेवावा.

वाड्यातल्या वस्तू वेगळ्या जातीच्या आहेत, कारण त्या मालमत्ता आहेत. समोर बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे आणि भास्करचा भाऊ चंदू त्यालाच अडखळून जखमी होतो. घराण्याचे दागिने वहिनीच्या, म्हणजे भास्करच्या बायकोच्या, ताब्यात आहेत, आणि ती एका रात्री ते सगळे अंगावर चढवते, तो प्रवेश पाहिलेला माणूस विसरत नाही. पुढे तिची मुलगी रंजू तेच घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर पळते. तात्याजींनी काय मागे ठेवले याचे उत्तर या दोन वस्तूंत आहे, एक निरुपयोगी आणि हलवता न येणारी, दुसरी मौल्यवान आणि चटकन हलवता येणारी. दिग्दर्शकाने ट्रॅक्टर नेपथ्याचा भाग म्हणून कोपऱ्यात सरकवू नये. तो येण्याजाण्याच्या वाटेत असला पाहिजे, प्रत्येकाला त्याला वळसा घालावा लागला पाहिजे.

वस्तूने बाप परत आणण्याचा सर्वांत धाडसी वापर इब्सेन यांनी १८८१ सालच्या ‘घोस्ट्स’मध्ये केला. पॅरिसहून परतलेला ऑस्वाल्ड मेलेल्या बापाचा पाइप तोंडात धरून दारात उभा राहतो आणि पाद्री दचकतो, कारण त्याला क्षणभर बापच दिसतो. आई घाईने म्हणते की मुलगा माझ्यावर गेला आहे. एका पाइपवर सगळे नाटक उघडते. अशी एखादी वस्तू आपल्या संहितेत नसेल तर ती जबरदस्तीने घुसवू नये. मात्र असेल आणि आपण ती ‘एका खोलीतले सामान’ म्हणून वापरली, तर तो गुन्हा आहे.

रिकाम्या जागी कोण बसते

आता खुर्चीचा प्रश्न. बाप गेला की त्याची कामे उरतात: पैसे आणणे, रागावणे, दार लावणे, पाहुण्याशी बोलणे. ती कोणाच्या गळ्यात पडली, याचा तक्ता करावा. टॉम बुटांच्या कंपनीच्या गोदामात महिना पासष्ट डॉलरवर खपतो, म्हणजे कमाईची खुर्ची त्याच्याकडे आली. रागावण्याची अमांडाने घेतली. टॉम रागाच्या भरात फोटोकडे बोट दाखवून म्हणतो की मी स्वतःचा विचार केला असता तर बाप आहे तिथे असतो, म्हणजे निघून गेलेला. पुढे विजेच्या बिलाचे पैसे तो खलाशांच्या संघटनेत भरतो आणि पाहुणा जेवायला बसलेला असताना घरातले दिवे जातात. बापासारखे होणे म्हणजे काय, ते या एका कृतीत आहे. तालमीत टॉमच्या नटाला बापाची लकब, चाल, टोपी असले काही देऊ नये. पैसे कुठे गेले एवढे त्याने लपवावे, पुरे.

अमांडा स्वतः मुलाला फक्त एका बाबतीत बापासारखा हो म्हणते: केस विंचरून, नीटनेटका राहा. हसू येते, आणि मग ते गिळावे लागते.

बाप गेल्यावर सगळीच माणसे कोसळत नाहीत, काहींना मोकळे वाटते, हे आपल्या हौशी रंगभूमीवर फार क्वचित दाखवले जाते. चेखव यांचे ‘थ्री सिस्टर्स’ १९०१ साली मॉस्कोत आले. त्याच्या पहिल्याच वाक्यात थोरली बहीण ओल्गा सांगते की वडील बरोबर वर्षापूर्वी, आजच्याच दिवशी, पाच मे रोजी, धाकट्या इरिनाच्या नामदिनाला (जिच्या नावावरून नाव ठेवले त्या संताच्या दिवशी) वारले. थोड्या वेळाने भाऊ आंद्रे म्हणतो की वडिलांनी आम्हांला शिक्षणाने दडपून टाकले होते, आणि ते गेल्यापासून वर्षभरात मी जाड झालो, जणू अंगावरचे ओझे उतरले. दुःख आणि सुटका एकाच शरीरात, तेही वजनाच्या रूपाने. नटाने येथे आवाज कातर करू नये. माणूस आपल्या पोटाविषयी जसा थोडा ओशाळून बोलतो तसे बोलावे.

तसबीर आणि प्रकाश

फोटो असेल तर तो कोणाचा लावावा? मंडळातल्या एखाद्या ज्येष्ठ नटाचा फोटो लावण्याची पद्धत आहे. ती टाळावी, कारण प्रेक्षागृहात कोणीतरी नाव घेऊन कुजबुजतेच. विल्यम्स यांच्या नाटकात हा फोटो मोठ्या आकाराचा, पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन शिपायाच्या टोपीतला, हसऱ्या तरुणाचा आहे, आणि नाटकातले पाचवे पात्र म्हणून टॉम त्याची ओळख करून देतो. म्हणजे फोटोतला बाप आता मुलाच्याच वयाचा आहे. बाप म्हणून पिकल्या मिशांचा माणूस टांगला की ही गोष्ट निसटते.

फोटोवर स्पॉट किती वेळा टाकावा, याविषयी माझे मत ठाम आहे: संहितेत असेल तितक्याच वेळा, आणि शंका असेल तर त्याहून एकदा कमी. चौथ्या प्रवेशात टॉम रात्री पिऊन घरी येतो आणि लॉराला जादूगाराचा एक प्रयोग सांगतो: खिळे ठोकून बंद केलेल्या शवपेटीतून तो जादूगार एकही खिळा न काढता बाहेर आला. अशा पेटीतून कोण बाहेर पडले आहे, असे तो विचारतो, आणि उत्तरादाखल भिंतीवरचा हसरा फोटो उजळतो. हा प्रकाश एक संवाद आहे. त्याआधी तीन वेळा भावनेपोटी फोटो उजळवला असेल, तर या वेळी तो फक्त दिवा राहतो. फोटोबरोबर बासरीचा तुकडा वाजवण्याचा हट्ट ध्वनी सांभाळणाऱ्याने धरला तर प्रेमाने नाही म्हणावे.

कुंकू, मंगळसूत्र आणि हार

परदेशी संहिता मराठी घरात आणताना हे तीन निर्णय पहिल्या आठवड्यात घ्यावेत, वेशभूषेवर सोडू नयेत. नवरा बेपत्ता असलेली बाई कुंकू लावते का? मंगळसूत्र घालते का, आणि घालत असेल तर पाहुणा येणार असला की ते पदराबाहेर काढते का? आमच्या रूपांतरात आई घरात काळ्या मण्यांची बारीक पोत घालत होती आणि जिमच्या जागी येणाऱ्या पाहुण्याच्या दिवशी तिने मोठे मंगळसूत्र घातले. एक वाक्यही न वाढवता आम्हांला तिचा सारा दिखाऊ अभिमान मिळाला. हार तर नाहीच. फोटो रोज पुसलेला असावा, की त्यावर धूळ असावी? आम्ही काच पुसलेली पण चौकट धुळकट ठेवली. हे पाचव्या रांगेच्या मागे दिसत नाही, पण ज्या नटीला ती पुसायची होती तिला दिसत होते.

नावाचाही विचार करावा. वाड्यात बाप ‘तात्याजी’ आहे, आणि त्या ‘जी’मध्ये वऱ्हाडातल्या देशपांडेपणाचा सगळा रुबाब आहे. रूपांतरात बापाला ‘अण्णा’ म्हणावे की ‘पप्पा’, यावरून घराची आर्थिक पातळी, गाव आणि दशक ठरते.

शेवटची नजर

शेवटी टॉम जातोच, आणि बापाच्या पावलांवर पाऊल ठेवून गेलो असे स्वतः सांगतो. तो बोलत असताना मागे, काचेआड असल्याप्रमाणे, अमांडा लॉराची समजूत काढते. तिचे शब्द ऐकू येत नाहीत. बोलणे संपल्यावर ती क्षणभर नवऱ्याच्या फोटोकडे पाहते आणि पडद्यामागे जाते. मग लॉरा मेणबत्त्या विझवते. ही नजर संहितेत लिहिलेली आहे आणि बहुतेक प्रयोगांत ती एकतर विसरली जाते किंवा तिचे स्मारक होते. आमच्या नटीने रंगीत तालमीत विचारले, किती वेळ बघू? आधी तिने डोळ्यांत पाणी आणून पाहिले, मग रागाने, मग हसून. चौथ्या वेळी तिला सांगितले की झोपायला जाण्याआधी दाराला कडी लागली आहे ना, हे आपण जितका वेळ पाहतो तितकाच वेळ बघा, आणि दिवा घालवायला निघा.